आठ चांदण्या डावीकडे, पाच उजवीकडे

मिहिका आत्ता झोपली आहे आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाने अजून ड्रिल हातात घेतलेलं नाही. शारजात तान्ह्या पोरीच्या आईला निवांतपणा मिळतो तो एवढाच. एवढ्यात मला अमेरिकेच्या नाणेशास्त्रात मी जवळजवळ भर घातली होती, ती हकिकत सांगून संपवायची आहे. 'जवळजवळ' हा शब्द दत्ताच्या आग्रहावरून घातला. दत्ता म्हणजे माझा नवरा, दत्तप्रसाद. दुबई मरीनातल्या एका उंच इमारतीत तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि कुठल्याही वाक्यात रिस्क दिसली की तो ती आधी काढून टाकतो. आमच्या लग्नाच्या होकारातसुद्धा त्याने 'साधारणपणे' घातलं होतं.

तर सासूबाई नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी ठाण्याहून आल्या. येताना बॅगेत रिठे, मेतकूट आणि गोडा मसाला, आणि ब्लाउजच्या आत सेफ्टी पिनेने अडकवलेली एक पुरचुंडी. विमानतळावरून घरी आल्यावर चहाच्या आधी त्यांनी ती सोडली. आत एक सोन्याचं नाणं होतं, वर डाख देऊन बसवलेली कडी.

"राणीची गिनी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी मला दिली, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. आता ही मोडायची आणि मिहिकाच्या मनगट्या करायच्या. इथे दुबईत. आपल्याकडे आता तसं सोनं मिळत नाही."

"आई, सोनं तर आपलंच घालणार ना?" दत्ता म्हणाला.

"घडणावळ दुबईची असेल!"

माझी काही हरकत नव्हती, हे मी इथे स्पष्ट नोंदवते. आमच्या घराण्यात सोनं कधी मरत नाही, ते पुनर्जन्म घेतं. कुणाचा तरी गोठ कुणाच्या तरी पाटल्यांत जातो, पाटल्यांतून उरलेला तुकडा कुणाच्या तरी मंगळसूत्राच्या वाट्यांत उतरतो. माझ्या गळ्यात या क्षणी किमान तीन बायका आहेत. त्यात एक गिनी माझ्या लेकीच्या मनगटावर जाऊन बसली, तर चांगलंच होतं.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. मिहिका अंगावर पीत होती. अशा वेळी आईचा एक हात मोकळा असतो आणि डोकं पूर्ण मोकळं असतं, आणि हा संयोग फार धोकादायक. "बघ, किती जड आहे," म्हणून सासूबाईंनी नाणं माझ्या हातात ठेवलं होतं. मी ते उशीवर ठेवून मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघितलं.

राणी म्हणावी तर डोक्यावर मुकुट नव्हता. सैलसर टोपी होती, आमच्या बिल्डिंगचा वॉचमन जानेवारीत घालतो तशी. वर 'लिबर्टी' असं लिहिलेलं. दोन्ही बाजूंना चांदण्या. खाली साल, १८०६. त्या साली व्हिक्टोरिया राणीचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. आमच्या घरातल्या तीन पिढ्या एका परक्या बाईला राणी म्हणून कुंकू लावत आल्या होत्या.

मिहिका एका बाजूचं पिऊन दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत मला कळलं, की हे अमेरिकेचं पाच डॉलरचं नाणं आहे. 'पाच' असं त्यावर कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा लिहीतच नसत. सोनं किती ते वजनच सांगे, आकड्याला कोण विचारतो, असा कारभार. सासूबाईंना हा देश लगेच आवडला असता.

आणि मग मी त्या माहितीच्या विहिरीत पडले. त्या काळी नाण्याचा ठसा हाताने करत. बाई कोरायची, मग तिच्याभोवती एकेक चांदणी पंचाने ठोकायची, एकेक अक्षर ठोकायचं, सालाचे आकडे ठोकायचे. ठसा तडकला की दुसरा करायचा. सगळं हाताचं काम, त्यामुळे एका ठशात एखादी चांदणी अक्षराला खेटून उभी, दुसऱ्यात तीच रुसून लांब. मागच्या बाजूला गरुड, त्याच्या पंजात ऑलिव्हची फांदी. एका ठशात त्या फांदीचं पान अमुक अक्षराखाली, दुसऱ्यात तमुक. आणि जगात अशी माणसं आहेत, की जी जन्मभर भिंग लावून एवढंच बघतात आणि हे नाणं कुठल्या दोन ठशांच्या जोडीतून निघालं ते सांगतात. अशा प्रत्येक जोडीला ते 'व्हरायटी' म्हणतात.

मला त्या माणसांबद्दल एकदम माया वाटली. गेलं वर्षभर मी तरी दुसरं काय करते आहे? एकाच चेहऱ्याकडे भिंग लावून बघते आहे. हा पुरळ काल नव्हता. हा दात की दुधाची साय? डाव्या भुवईतला एक केस उलटा आहे, तो जन्मला तेव्हापासूनच उलटा आहे. शंभर बाळं एका रांगेत झोपवली, तर मी नुसत्या कानाच्या पाळीवरून माझी व्हरायटी ओळखून दाखवीन.

तर १८०६ ची गंमत अशी. या साली दोन प्रकारचे सहा आढळतात. एका सहाचं वरचं टोक अणकुचीदार असतं, आणि त्या नाण्यावर चांदण्या डावीकडे आठ, उजवीकडे पाच असतात. दुसऱ्या सहाच्या टोकाला गोल गोळी असते, आणि तिथे चांदण्या डावीकडे सात, उजवीकडे सहा. बस. टोकाचा सहा, आठ-पाच. गोळीचा सहा, सात-सहा. दोनशे वर्षांत तिसरं काही कुणी पाहिलेलं नाही.

मी आमचा सहा बघितला. टोकाला गोळी. स्वच्छ, गरगरीत, सोनेरी गोळी.

मी चांदण्या मोजल्या. डावीकडे आठ, उजवीकडे पाच.

मिहिकाने ढेकर दिली. मी पुन्हा मोजल्या. आठ आणि पाच. मी बाळाला खांद्यावर टाकून अख्ख्या हॉलभर नाचले. ती खळखळून हसली आणि माझ्या पाठीवर दूध ओकली, आणि मी शपथेवर सांगते, वर्षभरात इतका आनंद मला फक्त ती पहिल्यांदा हसली तेव्हा झाला होता. माझ्या व्हिसावर 'गृहिणी' असा शिक्का आहे. त्या गृहिणीने दुपारच्या दुधाच्या वेळी जगाला माहीत नसलेला ठसा शोधून काढला होता!

संध्याकाळी दत्ता आल्याबरोबर मी त्याला दारातच गाठलं.

"ओके," तो बूट काढत म्हणाला. "पण डेडलाइन काय आहे? कारण आईची शनिवारची सोनाराकडची अपॉइंटमेंट आहे."

"अरे, मोडायचं नाही ते आता!"

सासूबाई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे नाणं चुकलेलं आहे?"

"चुकलेलं नाही हो आई, दुर्मीळ आहे!"

"आठाच्या जागी सात हवे होते ना? मग चुकलंच की. ज्याने केलं त्याचं लक्ष नव्हतं." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "हे बघ मृणाल, ही गिनी माझ्या सासूबाईंनी डब्यात ठेवली, मीही डब्यातच ठेवली. वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर, की परत डब्यात. कुणाच्या अंगाला म्हणून ती लागली नाही. पोरीच्या हातात तरी किणकिणू दे. तुझं काय ते शुक्रवारपर्यंत सिद्ध कर. शनिवारी दुकान."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. शत्रू चुकीचा असला की लढायला बरं वाटतं.

मी नाणेवेड्यांच्या एका ऑनलाइन मंडळावर फोटो टाकले. तासाभरात ओहायोहून ग्लेन नावाच्या गृहस्थांचं उत्तर आलं. निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाढांत भिंगाने बघितलं, आता नाण्यांत बघतात. त्यांनी लिहिलं होतं, की बाईसाहेब, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर मी खुर्चीत बसून घेतो, तुम्हीही बसा. बाजूने उजेड टाकून आणखी फोटो पाठवा. आणि शेवटी सगळी मोठी अक्षरं, प्रत्येक शब्दापुढे उद्गारचिन्ह: काहीही झालं तरी नाणं धुऊ नका.

मी ते सासूबाईंना भाषांतर करून सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या. ते 'बरं' मी गृहीत धरलं, ही माझी चूक. सासूबाईंच्या 'बरं'चेही दोन ठसे आहेत आणि ते मला अजून ओळखता येत नाहीत.

फोटो काढण्याचं प्रकरण मी थोडक्यात आवरते, कारण त्यात माझी फार शोभा नाही. बाजूने उजेड हवा म्हणून मी मिहिकाचा रात्रीचा दिवा आणला, तो हत्तीच्या आकाराचा आणि निळा निघाला. फ्रिज उघडून त्याच्या उजेडात प्रयत्न केला, तर फ्रिज ओरडायला लागला. शेवटी गॅलरीत नाणं ठेवून आडवी झोपले. समोरच्या इमारतीतला एक मनुष्य घाबरून आमच्या वॉचमनला फोन करून मोकळा झाला, की तिसऱ्या मजल्यावरची मॅडम पडली आहे.

वॉचमनच्या मागोमाग अन्वरीभाभी आल्या. अन्वरीभाभी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या, मूळच्या दापोलीकडच्या. त्यांच्या घरी कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं आणि प्रत्येक उत्तराला एक नातेवाईक असतो. सोबत त्यांची आठ वर्षांची एमान होती.

"गो मृणाल, अमेरिकेचं नाणं म्हणतेस, पण ते खरं हाय कशावरून?" त्यांनी नाणं हातात घेतलं. "माझ्या नणंदेच्या सासऱ्याने मस्कतहून असंच एक आणलं होतं. आत पितळ निघालं. त्या धसक्याने तो हजला गेला. आधी तपासून घे."

"It's not a queen, Aunty," एमान मी तातडीने मागवलेल्या भिंगातून बघत म्हणाली. "She looks like a pirate."

"शौकतच्या कंपनीत बंदूक हाय," अन्वरीभाभींनी जाहीर केलं.

सासूबाईंनी मिहिकाला जवळ ओढलं.

बंदूक म्हणजे धातू ओळखायचं यंत्र, हे कळायला थोडा वेळ गेला. भाभींचे यजमान शौकतभाई हमरिया फ्री झोनमध्ये भंगार धातूंच्या ट्रेडिंगमध्ये आहेत. तिथे येणाऱ्या मालावर ती बंदूक रोखून चाप ओढला, की पडद्यावर तांबं किती, जस्त किती ते येतं. शौकतभाई फोनवर म्हणाले, "यल्ला, उद्या सकाळी या, पाच मिनिटांचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी हमरियाच्या गेटवर. पास लागतो हे ठाऊक होतं. तो बाळालाही लागतो, हे नव्हतं. गार्डने मिहिकाच्या नावापुढे भेटीचं कारण विचारलं. शौकतभाई म्हणाले, "बिझनेस मीटिंग लिही." त्यामुळे माझ्या लेकीने वर्षाची व्हायच्या आत हमरिया फ्री झोनमध्ये बिझनेस मीटिंग केलेली आहे. आणि तिने मीटिंगमध्ये इतर लोक करतात तेच केलं. ती झोपली.

पुढचा प्रश्न सोन्याचा. आत सोनं न्यायचं तर डिक्लेअर करायचं का? मी पर्स उघडणार, एवढ्यात लक्षात आलं, की नाणं पर्समध्ये नाहीच. ते काळ्या दोऱ्यात ओवून सासूबाईंच्या गळ्यात होतं.

"गळ्यात आहे म्हणजे दागिना," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "बाईच्या गळ्यातल्याला कोण विचारतं?"

कुणीही विचारलं नाही.

शौकतभाईंची बंदूक खरोखर बंदुकीसारखीच होती. सासूबाई धीराने मान ताठ करून उभ्या राहिल्या.

"काकू, काढून द्या ना. माणसावर चालवत नाहीत ही."

"मग बंदूक कसली!" सासूबाई म्हणाल्या आणि दोरा काढून दिला.

चाप ओढला. पडद्यावर आकडे आले. शौकतभाईंनी भुवया उंचावल्या. "माशाल्ला. काकू, नाइन वन सिक्स."

मी आनंदाने ओरडलेच! त्या काळचं अमेरिकन सोनं अगदी याच कसाचं असायचं. नाणं खरं असल्याचा केवढा मोठा पुरावा! मी वळून सासूबाईंकडे बघितलं, तर त्या माझ्यापेक्षा खूश.

"नाइन वन सिक्स!" त्या म्हणाल्या. "अगं, म्हणजे हे बावीस कॅरेट! दागिन्याचंच सोनं! मी उगाच धास्तावले होते, की मनगट्यांत आणखी काही मिसळावं लागेल की काय. मोडायला अगदी तयार आहे."

आणि इथून पुढे माझ्या नशिबाची चाल मला कळून चुकली. नाणं खरं असल्याचा मी जो जो पुरावा आणत होते, तो तो मनगट्यांच्या बाजूला जाऊन बसत होता.

ग्लेन यांनी सुचवलं, की नाणं अमेरिकेत तज्ज्ञांकडे तपासायला पाठवा. मी कुरिअरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, नाणं म्हणजे करन्सी, करन्सी आम्ही घेत नाही, बँकेत विचारा. बँकेतली मुलगी म्हणाली, ही करन्सी नाही, ज्वेलरी आहे, तिला कडी आहे. दागिन्यांच्या पार्सलवाल्याने साल बघितलं आणि म्हणाला, दोनशे वर्षं जुनं? मग हे अँटिक, त्याला परवानगी लागते. परवानगीचा अर्ज टायपिंग सेंटरमधून करायचा. इथे सरकारी अर्ज स्वतः भरला तर तो परत येतो आणि टायपिंग सेंटरमधून भरला तर तोही परत येतो, पण व्यवस्थित टाइप होऊन येतो.

टायपिंग सेंटरमधल्या मल्याळी गृहस्थांनी नाण्याचा फोटो अपलोड केला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

"मॅडम, ये लेडी का एमिरेट्स आयडी?"

"ये लेडी नहीं है. मतलब, लेडी है. लेकिन ये लिबर्टी है."

"लिबर्टी इनका नाम?" त्यांनी टाइप केलं. "सरनेम?"

मिहिका रडायला लागली. मीही त्याच बेतात होते. अर्ज झाला. सासूबाईंनी पावती वाचली आणि "पन्नास दिरहॅम, म्हणजे आपले हजाराच्या वर!" असं सगळ्या सेंटरला ऐकू जाईल असं म्हणाल्या. गुरुवारी अर्ज परत आला. कारण: मालकाने स्वतः हजर राहावे. मालक कोण, सासूबाई की मिस लिबर्टी, याचा खुलासा नव्हता.

"शुक्रवारी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉलवर येतो," ग्लेन यांनी लिहिलं. म्हणजे आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. "मी नुसता सहा बघतो. तो सहा खरा असेल, तर आमचे लोक विमानाने तुमच्या दारात येतील. परवानगी ते बघतील."

विमानाने! मी घर आवरलं. दत्ता मरीनाहून लवकर निघाला आणि ट्रॅफिकमुळे नेहमीच्याच वेळी पोचला. अन्वरीभाभी सांदण घेऊन आल्या. एवढा मोठा माणूस येणार, तो पडद्यावर का असेना, काहीतरी गोड नको? मिहिकाला मी नवा फ्रॉक घातला. लॅपटॉप लागला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर सरकवलेले ग्लेन आले. त्यांच्या मागे भिंतीवर दाढेचं मोठं चित्र.

"आई, नाणं आणता?"

सासूबाई आतून आल्या. हातात पांढराशुभ्र रुमाल, रुमालावर नाणं.

ते लखलखत होतं.

"आई," माझा आवाज कुठून तरी लांबून आला. "तुम्ही हे धुतलंत?"

"छे!" त्या म्हणाल्या. "तू सांगितलं होतंस ना, धुवायचं नाही म्हणून? साबण लावलाच नाही. रिठ्यात भिजवलं आणि जुन्या ब्रशने हलक्या हाताने नुसतं घासलं. परक्या माणसाला तसं मळकं कसं दाखवायचं? काय म्हणेल तो, यांच्या घरात बाई नाही का?"

मी नाणं हातात घेतलं. भिंग लावलं. सहाच्या डोक्यावरची गोळी गेली होती. सहाचं टोक अणकुचीदार होतं, कुठल्याही साध्या सहाचं असावं तसं. डावीकडे आठ, उजवीकडे पाच. दोनशे वर्षांत सगळ्यांनी पाहिलेलं तेच.

"गोळी कुठे गेली?" मी विचारलं. हा प्रश्न माझ्या आयुष्यातला सगळ्यात केविलवाणा प्रश्न असेल.

"ती होय! ती निघतच नव्हती, मेली. टाचणीने काढली. हळद होती ती. दर लक्ष्मीपूजनाला तूप-हळद लावतो ना आपण, ती बसून बसून दगड झाली होती. माझ्या सासूबाई नीट पुसायच्याच नाहीत."

माझी नवी व्हरायटी माझ्या आजेसासूबाईंनी नीट न पुसल्यामुळे तयार झाली होती. जगाला माहीत नसलेला ठसा म्हणजे हळद आणि तूप. दत्ताने लॅपटॉपचा आवाज कमी केला, जणू त्यामुळे ओहायोला हे कळणार नव्हतं. पण ग्लेन यांना सगळं दिसलं होतं. सासूबाईंच्या दुसऱ्या हातात ब्रश होता. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, "हळद म्हणजे?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिहिकाने भोकांड पसरलं. माझ्या मनातलं ती नेहमी अशी मोठ्याने म्हणून टाकते. मी तिला घेऊन आत पळाले, दार लोटलं आणि तिला जवळ घेऊन मीही दोन टिपं गाळली. गृहिणी ती गृहिणीच. तिने चांदण्या मोजायला जाऊ नये.

मिहिका पिता पिता शांत झाली आणि मग मला बाहेरचं ऐकू यायला लागलं. दत्ता चहा टाकायला गेला होता, भाभी सांदण वाढत होत्या. लॅपटॉपसमोर फक्त सासूबाई होत्या.

"लेफ्ट," ग्लेन म्हणत होते. "लिटल लेफ्ट."

"हा लेफ्ट? नो, नो, माझा लेफ्ट की तुमचा लेफ्ट?"

मग सासूबाईंचा आवाज, उत्साहाने चढलेला: "येस! येस! टच! चांदणी टच करते! मी पाहिलं!"

मी बाहेर आले तेव्हा त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. माझं भिंग त्यांच्या डोळ्याला, नाणं कॅमेऱ्यापुढे तिरकं. ग्लेन त्यांना गरुडाच्या पंजातल्या फांदीचं शेवटचं पान शोधायला लावत होते. सासूबाईंच्या कपाळावर घाम होता.

"ओळखीचीच जोडी आहे," ग्लेन मला म्हणाले, अगदी हळुवारपणे, दाढ काढायची आहे असं सांगावं तसं. "बऱ्यापैकी सापडते. शिवाय कडी डाखलेली, आणि... आजच्या आंघोळीनंतर... संग्राहकांना तिचं फारसं आकर्षण राहणार नाही. मला वाईट वाटतं." मग ते हसले. "साबण पाहिला, डिंक पाहिला, एकदा च्युइंग गम पाहिला. हळद पहिल्यांदाच. तुमच्या सासूबाईंना सांगा, त्यांचा हात फार स्थिर आहे."

मी सांगितलं. "बरं," सासूबाई म्हणाल्या. कुठला ठसा, ते मला याही वेळी कळलं नाही.

शनिवारी आम्ही दुबईत, देऱ्यातल्या सोनेबाजारात गेलो. मी काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. खरंच, आता बोलण्यासारखं काय होतं? नवी व्हरायटी नाही, धुतलेलं नाणं, वर कडी. त्यापेक्षा माझ्या लेकीच्या हातात किणकिणलेलं काय वाईट? तरी दुकानात एसीत बसल्यावर मी ते नाणं शेवटचं म्हणून मुठीत धरून ठेवलं. सासूबाईंनी हात पुढे केला. मी दिलं.

दुकानातल्या सेठने ते घेतलं, नुसतं उलटसुलट केलं आणि काचेवर टाकलं. टण्णकन.

"कॉपी है माताजी. ऐसे बहुत आते हैं. कोई बात नहीं, सोना तो है. कडी काटके गला देते हैं."

त्याने चिमटा उचलला. मिहिका त्या चकाकत्या चिमट्याकडे टाळ्या वाजवून बघत होती. मी डोळे मिटले.

"काय म्हणालात?" सासूबाईंचा आवाज आला.

"कॉपी, माताजी. डुप्लिकेट."

"आपने चांदणी गिनी क्या?"

"जी?"

"सितारे. गिनो."

सेठने दत्ताकडे बघितलं. दत्ताने छताकडे बघितलं. सेठने गिऱ्हाइकाचं मन राखायचं म्हणून मोजलं. "तेरह."

"तेरह तो सब में होते हैं!" सासूबाई खुर्चीतून उठल्या. "किधर कितने, वो बोलो! आठ लेफ्ट, पाँच राइट! और सहा का टोक देखा? देखा क्या टोक? ओहायो के डेंटिस्ट ने पाव तास देखा, और आप दो सेकंद में कॉपी बोलते हो? चांदणी अक्षर को टच करती है, वो दिखा आपको?"

"माताजी, हमको तो बस वजन करना है..."

"वही तो!" सासूबाईंनी नाणं काचेवरून उचललं, रुमालात गुंडाळलं आणि रुमाल ब्लाउजच्या आत गेला. "ज्याला सहाचं टोक दिसत नाही, त्याच्या हातात मी माझ्या नातीचं सोनं देऊ? चल मृणाल. सोनं मोडायलासुद्धा कळता माणूस लागतो."

मी उठले. दत्ता म्हणाला, "आई, पण मग मनगट्या?" आणि मी त्याच्या पायावर पाय दिला, साधारणपणे जोरात.

वाढदिवसाला मिहिकाने काळ्या मण्यांच्या मनगट्या घातल्या. मणी सासूबाईंनी स्वतः ओवले. केक तिने कपाळाला लावून घेतला, भाभींनी तिची दृष्ट काढली, आणि आलेल्या प्रत्येकाला सासूबाईंनी भिंग देऊन नाणं दाखवलं.

सोन्याच्या मनगट्यांचा विचार त्यांनी सोडलेला नाही हं. दर शनिवारी आम्ही नव्या दुकानात जातो. सासूबाई नाणं काचेवर ठेवतात आणि सोनाराची परीक्षा घेतात. देऱ्यातले बरेच सोनार आत्तापर्यंत नापास झाले आहेत, बहुतेक पहिल्याच प्रश्नाला. गेल्या शनिवारी मात्र एक तरुण निघाला. त्याने मुकाट्याने भिंग मागवलं, उजेडात नाणं तिरकं धरलं आणि म्हणाला, "आठ और पाँच, आंटी. छह नोकवाला है."

मी मिहिकाला घट्ट धरलं.

सासूबाईंनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून, नाणं उलटं करून त्या म्हणाल्या, "ठीक. अब फांदी का आखिरी पत्ता बताओ. कौन से अक्षर के नीचे आता है?"